सोलापूरहून बी.डी.कडे: अर्जाआधीचं एक वर्ष आणि कॉलेजातलं पहिलं वर्ष

थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकायला बी.डी.ला, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी या पदवीला, गेलेला विद्यार्थी पहिल्याच सत्रात अडखळला, की मंडळीत, म्हणजे त्याच्या चर्चमध्ये, लोक म्हणतात, ‘पाचारण (देवाचं सेवेसाठीचं बोलावणं) पक्कं नव्हतं.’ बहुतेक वेळा तसं नसतं. संडे स्कूल मनापासून घेणारी, उपासनेत पेटीवर बसणारी, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणारी ही मुलं असतात. त्यांना अडवतं ते वाचन. इंग्रजी ग्रंथाची तीस पानं आठवड्यात वाचून त्यावर चार ओळी स्वतःच्या लिहायच्या, एका उताऱ्यापाशी दहा दिवस थांबायचं, लिपीच वेगळी असलेली भाषा रोज पाऊण तास घोकायची, याची सवय नसते. ही सवय कॉलेजात गेल्यावर लावायला वेळ मिळत नाही. ती सोलापुरात, आपल्या घरात, आधीच्या वर्षात लावता येते. कॉलेजं साधारण जूनमध्ये सुरू होतात, म्हणून तयारी आदल्या जूनपासून धरली आहे.

पदवी कुणाची, हे आधी

प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या बहुतेकांचा रस्ता सेनेट ऑफ सेरामपूर कॉलेजकडे जातो. हे सेरामपूर बंगालमधलं, हुगळीच्या काठचं. आपल्याकडे ‘श्रीरामपूर’ म्हटलं की नगरकडचं गाव डोळ्यांपुढे येतं, म्हणून हे सांगायला हवं. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये ते कॉलेज काढलं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि १९१८ च्या कायद्याने त्याच्या सेनेटची घडी बसली. देशभरातली थिऑलॉजिकल कॉलेजं या सेनेटला जोडलेली आहेत. शिकवतं कॉलेज, पदवी देतं सेनेट.

बी.डी. बारावीनंतर पाच वर्षांची, आणि आधी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशी पदवी असेल तर चार वर्षांची. बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) ही त्याआधीची पदवी काही ठिकाणी प्रादेशिक भाषांतून करता येते. मराठीतून करायची असेल तर ‘यंदाच्या प्रवेशाला मराठी माध्यम चालू आहे का’ असा नेमका प्रश्न कॉलेजला पत्राने विचारा. माहितीपत्रकात छापलेलं माध्यम आणि वर्गात चालणारं माध्यम यांत फरक पडू शकतो. नोकरी करत, घर सांभाळत अभ्यास करायचा असेल तर सेनेटचाच बहिःस्थ बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) अभ्यासक्रम आहे. शाळेत शिकवणाऱ्या आणि मंडळीत वडीलपण सांभाळणाऱ्यांसाठी तो चांगला. पाळक व्हायचं असेल तर मात्र वसतिगृहात राहून केलेली बी.डी.च धरून चला. चर्च बहुधा तीच मागतं.

सोलापूरला सगळ्यांत जवळचं मोठं नाव पुण्याच्या बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती १९५३ मध्ये यवतमाळला उभी राहिली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. त्यापलीकडे हैदराबादचं आंध्र ख्रिश्चन थिऑलॉजिकल कॉलेज, बंगळूरचं १९१० पासूनचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, जबलपूरचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज. घरी तेलुगू बोलणाऱ्यांना हैदराबाद, कानडी बोलणाऱ्यांना कर्नाटकातली कॉलेजं जवळची वाटतील. तसं वाटणं बरोबरच आहे, पण पुढे सेवा मराठी मंडळीत करायची की तेलुगू, हे आधी मनाशी ठरवा. भाषा नीट वापरात राहिली तरच तिच्यातून उपदेश करता येतो.

कॅथलिक विद्यार्थ्यांचा रस्ता वेगळा आहे. तिथे आधी तत्त्वज्ञान, मग थिऑलॉजी, आणि सगळं आपल्या धर्मप्रांताच्या किंवा संघाच्या देखरेखीखाली. पुण्यातल्या नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीपमध्ये (पूर्वीचं नाव ज्ञानदीप विद्यापीठ) दोन्ही होतं. ही संस्था १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. धर्मगुरू व्हायचं असेल तर पहिली पायरी आपल्या धर्मग्रामाचे फादर. थेट संस्थेकडे अर्ज धाडण्यात अर्थ नाही. पुढचं अर्जाबद्दलचं बरंचसं प्रॉटेस्टंट विद्यार्थ्यांसाठी आहे, वाचनाबद्दलचं सगळ्यांसाठी.

एक गोष्ट ठळकपणे. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन ही १९७० मध्ये निघालेली संस्था कॉलेजांचा दर्जा तपासून मान्यता देते, पण ती विद्यापीठ नाही. तिची मान्यता असलेली कॉलेजं चांगली असू शकतात. प्रश्न असतो तो ती पदवी पुढे कुठे चालेल हा. म्हणून पैसे भरण्याआधी तीन ठिकाणी लेखी विचारा: कॉलेजला, ‘पदवीवर कुणाची सही येणार?’, आपल्या चर्चच्या कार्यालयाला, ‘या पदवीवर दीक्षेसाठी (पाळक म्हणून नेमणुकीच्या विधीसाठी) विचार होतो का?’, आणि पुढे एम.ए., बी.एड. किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर त्या विद्यापीठाला किंवा खात्याला, ‘ही पदवी ग्राह्य धरता का?’ तोंडी उत्तरावर चार वर्षं लावू नका. सहा महिन्यांत घरबसल्या ‘डॉक्टरेट’ देणाऱ्या संस्थांकडे तर फिरकूच नका.

आणि पदवी मिळाली की दीक्षा मिळाली, असं नसतं. पदवी कॉलेजची, दीक्षा चर्चची. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या चर्चमध्ये उमेदवार म्हणून नाव आधी नोंदवावं लागतं. मुलींनी हे आवर्जून विचारावं. त्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, पण सगळ्या पंथांत मिळत नाही. शिक्षण सगळ्याच घेऊ शकतात. त्यानंतरची जागा कोणती, हे आधी माहीत हवं.

कागदपत्रं: नाव एक, स्पेलिंग तीन

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, मंडळीचं सभासदत्वाचं पत्र, पाळकांचं शिफारसपत्र, चर्चच्या वरिष्ठांचं पत्र, वैद्यकीय दाखला, आणि स्वतःच्या हातचं पाचारणाचं निवेदन. एवढं बहुतेक कॉलेजं मागतात. राज्याबाहेर जायचं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं: बारावीवाल्यांना पुणे विभागीय मंडळाचं (सोलापूर जिल्हा त्याच विभागात येतो), पदवीधरांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं. निकाल लागल्या लागल्या त्याचा अर्ज करा. जूनमध्ये सगळेच मागतात आणि उशीर होतो.

सोलापुरात हमखास अडतं ते नावापाशी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ‘योहान’, आधारवर ‘जॉन’, बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि मधे वडिलांचं नाव. तेलुगू-कानडी आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर वेगळं. पाच वर्षांनी पदवीवर जे नाव छापलं जाईल ते या अर्जातलं असतं. म्हणून सगळे कागद एका टेबलावर ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवा. फरक किरकोळ असेल तर प्रतिज्ञापत्र चालतं. नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात बदल छापून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आदल्या दिवाळीआधी उरका. जुनी नोंदवही मंडळीच्या कपाटात असते. ती शोधायला पाळकसाहेबांना किमान पंधरा दिवस द्या.

खर्च विचारताना ‘फी किती?’ एवढंच विचारून थांबू नका. शिकवणी, वसतिगृह, मेस, अनामत, सेनेटची नोंदणी आणि परीक्षा शुल्क, ग्रंथालय, पुस्तकं, क्षेत्रकार्याचा प्रवास, दोन सुट्ट्यांचं गाडीभाडं असे वेगळे आकडे मागा आणि चार किंवा पाच वर्षांची बेरीज करा. मंडळी किंवा धर्मप्रांत प्रायोजकत्व देत असेल तर किती, कशासाठी, कधी मिळणार आणि त्याबदल्यात किती वर्षं सेवा बांधील, हे पत्रावर असू द्या. प्रायोजकत्व दिलेली कमिटी बदलते, आणि नव्या कमिटीला तोंडी शब्द ठाऊक नसतो.

पाचारणाच्या निवेदनात एकच प्रसंग लिहा: कुठला महिना, कुठलं घर, काय घडलं, त्यानंतर तुम्ही काय करायला लागलात. ‘लहानपणापासून देवाने मला निवडलं होतं’ या वाक्याने सुरू होणारी निवेदनं एकासारखी एक असतात, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो. पुण्याची मुलाखत असेल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठून दुपारची वेळ साधता येते. सकाळी नऊची वेळ दिली असेल तर आदल्या दिवशीच जा.

आधीचं वर्ष: शास्त्र पहिल्यापासून, पण सरळ ओळीत नव्हे

प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, जुन्या करारात ९२९ आणि नव्यात २६०. रोज चार अध्याय धरले तर २९८ दिवसांत, म्हणजे दहा महिन्यांत, एक वाचन पुरं होतं. कॉलेजात जाण्याआधी हे एकदा झालंच पाहिजे. शिक्षक वर्गात ‘होशेयमध्ये आहे तसं’ असं म्हणून पुढे जातात. होशेय संदेष्ट्याचं पुस्तक न वाचलेला तिथेच मागे पडतो.

उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत ओळीने वाचायला घेतलेले बहुतेक लेवीयपाशी थांबतात. शिवाय संदेष्ट्यांची पुस्तकं काळानुसार लावलेली नाहीत, त्यामुळे ती हवेत तरंगल्यासारखी वाटतात. म्हणून उत्पत्ती आणि निर्गम झाल्यावर शमुवेल आणि राजे घ्या, आणि संदेष्टे त्यांच्या त्यांच्या जागी मधे पेरा. २ राजे १४ पाशी आमोस, तिथून १७ पर्यंत होशेय. १५ ते २० च्या बरोबर यशयाचा पूर्वार्ध. २२ ते २५ च्या बरोबर यिर्मया. एज्राच्या पहिल्या सहा अध्यायांबरोबर हाग्गय आणि जखऱ्या. वहीच्या पहिल्या पानावर तीन साल मोठ्या अक्षरांत लिहा: इ.स.पू. ७२२ शोमरोन (उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी) पडलं, ५८७ यरुशलेम पडलं, ५३८ पारसचा राजा कोरेश याच्या काळात बंदिवासातून परतीला सुरुवात. (काही पुस्तकांत ५८७ ऐवजी ५८६ दिसेल. दोन्ही चालतात.) संदेष्ट्याचं कुठलंही पान उघडलं की पहिला प्रश्न हा: हा या तीन रेघांच्या अलीकडचा की पलीकडचा? एवढ्या एका सवयीने जुन्या कराराचा निम्मा पेपर सोपा होतो.

वाचताना पेन हातात हवं. उत्पत्ती १ मध्ये आधी प्राणी, मग माणूस. अध्याय २ मध्ये आधी पुरुष, मग झाडं, मग प्राणी, शेवटी स्त्री. नोहाच्या तारवात प्रत्येक जातीचं एक जोडपं (६:१९) की शुद्ध पशूंची सात-सात (७:२)? हे फरक स्वतःच्या डोळ्यांनी, घरी बसून, शांतपणे पाहून ठेवा आणि वहीत टिपा. कॉलेजात शिक्षक या फरकांवरून ग्रंथामागच्या वेगवेगळ्या परंपरांची चर्चा करतात. ते फरक पहिल्यांदा तिथेच ऐकणाऱ्याला धक्का बसतो, आणि काही जण अभ्यासच सोडायला निघतात. आधी पाहिलेल्याला तो धक्का बसत नाही. त्याच्याकडे प्रश्न तयार असतो आणि उत्तर ऐकायची भूक असते.

भाषांतरं एकापेक्षा जास्त जवळ ठेवा. मंडळीत वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं, त्याच्या शेजारी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल, आणि मिळालं तर पंडिता रमाबाईंचं. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनवरून आपली पुण्याची गाडी रोज जाते. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर १९२४ मध्ये छापून झालं. साध्या बाईमाणसाला कळेल अशी मराठी हा त्यांचा आग्रह होता. एकच वचन तिन्हींत वाचलं की कुठल्या शब्दापाशी भाषांतरकार थबकला ते दिसतं.

इंग्रजीचा हिशोब

समजा पाच विषय, प्रत्येकाची आठवड्याला तीस पानं. दीडशे पानं. तासाला सहा पानं वाचणाऱ्याला पंचवीस तास, बारा पानं वाचणाऱ्याला साडेबारा तास. फरक बुद्धीचा नसतो, वेगाचा असतो, आणि वेग वाढवता येतो. आदल्या जूनपासून रोज पाच पानं इंग्रजी गद्य घड्याळ लावून वाचा. शब्द अडला तर लगेच कोश उघडू नका, पेन्सिलीने खूण करून पुढे जा. परिच्छेद संपल्यावर त्याचा एका ओळीत मराठी सारांश लिहा, आणि मग खुणा केलेल्यांपैकी फक्त तीन शब्द कोशात पाहा. प्रत्येक शब्दापाशी थांबणारा वर्षभर सहा पानांवरच राहतो. घरी गोंगाट असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा धरा. ठरलेली खुर्ची आणि ठरलेली वेळ अर्धं काम करते.

थिऑलॉजीच्या शब्दांची वही मात्र वेगळी ठेवा, आणि नुसते प्रतिशब्द लिहून थांबू नका. जस्टिफिकेशन म्हणजे नीतिमान ठरवणं, सँक्टिफिकेशन म्हणजे पवित्रीकरण, इथपर्यंत सोपं आहे. पण अटोनमेंटला आपण प्रायश्चित्त म्हणतो, आणि मराठी कानाला प्रायश्चित्त म्हणजे चुकलेल्याने स्वतः घ्यायचं काहीतरी. ख्रिस्ती शिकवणीत ते देव स्वतःकडून करतो. शब्द तोच, कर्ता उलटा. इन्कार्नेशनला आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘अवतार’ न म्हणता ‘देहधारण’ हा शब्द चालवला, कारण अवतार पुन्हा पुन्हा होतात आणि देहधारण एकदाच झालं असं त्यांना सांगायचं होतं. ‘करार’ हा शब्द आज घरभाड्याच्या कागदाला वापरतात. सीनायच्या कराराचं वजन त्यात कसं आणायचं? अशा प्रत्येक शब्दाखाली दोन ओळी स्वतःच्या लिहा. ही वही चार वर्षं पुरते, आणि पुढे मंडळीत उपदेश करताना तिचा पुस्तकांइतकाच उपयोग होतो.

ग्रीक: देवनागरीत लिहू नका

योहानाच्या शुभवर्तमानाचे पहिले पाच शब्द देवनागरीत उतरवले तर असे दिसतात: एन आर्खे एन हो लोगोस. पहिला ‘एन’ आणि तिसरा ‘एन’ आपल्याला एकच वाटतात. ग्रीकमध्ये ते दोन वेगळे शब्द आहेत. पहिला एप्सिलॉनने सुरू होतो, अर्थ ‘मध्ये’. तिसरा ईटाने सुरू होतो, अर्थ ‘होता’. एप्सिलॉन ऱ्हस्व ए, ईटा दीर्घ ए. मराठीत ऱ्हस्व ए वेगळा लिहायची सोयच नाही, ऱ्हस्व ओची नाही. त्यामुळे ओमिक्रॉन आणि ओमेगाही एकाच ‘ओ’मध्ये बुडतात. ग्रीक ओळीखाली देवनागरी उच्चार लिहून पाठ करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचे मार्क नेमके इथे जातात. वर्गात ओळ खणखणीत वाचतो आणि परीक्षेत क्रियापदाच्या जागी शब्दयोगी अव्यय लिहून येतो. चोवीस अक्षरं पहिल्या आठवड्यात हाताला बसवा, रोज दोन पानं गिरवा, आणि त्यानंतर देवनागरी पूर्ण बंद.

सोलापूरच्या मुलांकडे इथे एक ठेवा आहे आणि तो त्यांना माहीत नसतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत, अक्कलकोटकडच्या कानडी घरांत ऱ्हस्व-दीर्घ ए-ओ बोलण्यातच आहे, आणि त्या लिप्यांत त्यांना वेगळी अक्षरं आहेत. तेलुगू किंवा कानडी वाचता येत असेल तर एप्सिलॉन-ईटा, ओमिक्रॉन-ओमेगा या जोड्या त्या अक्षरांना बांधा. दिवसभराचं काम तासात होतं. वाचता येत नसेल तर आजीकडून तेवढी चार अक्षरं शिकून घ्या.

विभक्तीची भीती मराठी माणसाने बाळगू नये. इंग्रजी माध्यमातून आलेल्याला ‘डेटिव्ह’ (चतुर्थी) समजवायला शिक्षकाला घाम फुटतो. तुम्ही शाळेत प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी, संबोधन घोकलेलं आहे. वरच्याच ओळीत ‘एन आर्खे’ म्हणजे ‘प्रारंभी’. त्या ‘प्रारंभी’तली शेवटची ई ही आपली सप्तमी. ग्रीकला वेगळी सप्तमी उरलेली नाही, तिचं काम चतुर्थीने अंगावर घेतलं आहे. एवढं समजलं की तक्ता पाठ करण्याआधीच अर्थ लागतो.

शब्दसंग्रहाचा हिशोब सोपा आहे. नव्या करारात पन्नास किंवा जास्त वेळा येणारे शब्द सुमारे ३१०, आणि तेवढ्यांत जवळपास ८० टक्के मजकूर येतो. रोज सात नवे धरले तर ४५ दिवस. पोस्टकार्डाचे चार तुकडे करून एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला मराठी लिहा. इंग्रजी अर्थ लिहिलात तर दोनदा भाषांतर करावं लागतं. नवे सात, कालचे सात, आठवड्यापूर्वीचे सात, असा रोजचा फेरा. उजळणी सोडून नुसते नवे वाढवत गेलेल्यांची इमारत तिसऱ्या आठवड्यात ढासळते.

हिब्रूत बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे. अरबी नीट वाचणारा मित्र असेल तर त्याच्याकडून ऐन आणि हेचे घशातले उच्चार ऐकून घ्या. दालेत आणि रेश ही दोन अक्षरं जवळजवळ सारखी: दालेतच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला टोक, रेशचा कोपरा गोल. बेत-काफ आणि हे-हेतमध्येही अशीच गल्लत होते. शब्द मात्र परके नाहीत. हिब्रू बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभी आहे, आणि अरबीतून आलेले तिचे चुलतभाऊ मराठीत शेकडो वर्षं नांदताहेत. क-त-ब म्हणजे लिहिणं, आपली किताब. म-ल-क म्हणजे राज्य करणं, मलिक अंबरातला मलिक आणि आपला मालक. श-ल-म म्हणजे शालोम, आपला सलाम. आणि ‘करणं-करवणं’ असं प्रयोजक रूप मराठीत सहज बनवणाऱ्याला हिफिल हे हिब्रू रूप का आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

पहिला विवरण-लेख

पहिल्या वर्षात एका उताऱ्याचं अर्थविवरण, म्हणजे एक्सेजेसिस, लिहायला देतात. नव्वद टक्के चुका एकाच प्रकारच्या असतात: विद्यार्थी उपदेश लिहून देतो. उपदेश मंडळीशी बोलतो. विवरण आधी मजकुराला विचारतं, तू काय म्हणतोस आणि असं का म्हणतोस?

समजा मार्क १:१-८ आला. पहिले दोन दिवस एकही भाष्यग्रंथ उघडू नका. उतारा हाताने लिहून काढा, एकेका ओळीत एकेक वाक्यांश. मग प्रश्न टिपा, किमान वीस. वचन २ आणि ३ मधलं उद्धरण मूळ जागी शोधा. ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी’ यशया ४०:३ मध्ये सापडेल. पण ‘मी आपला दूत पाठवतो’ हा भाग यशयात नाहीच. तो मलाखी ३:१ मध्ये आहे, निर्गम २३:२० ची त्याला छाया आहे. तरी मार्क नाव घेतो यशयाचं. आता मत्तय ३:३ आणि लूक ३:४ पाहा. दोघांनीही तिथे फक्त यशयाचे शब्द ठेवलेत. मलाखीचं वचन त्यांच्याकडे वेगळ्या जागी येतं, मत्तय ११:१० आणि लूक ७:२७ मध्ये. आणि हस्तलिखितं पाहिलीत तर जुन्यांत ‘यशया संदेष्ट्यामध्ये’, नंतरच्या बहुसंख्यांत ‘संदेष्ट्यांमध्ये’. तुमच्या मराठी भाषांतरांपैकी कुठलं कोणता पाठ (हस्तलिखितातला शब्द) घेतं, ते स्वतः उघडून पाहा.

इथे लेखाला पाया मिळतो. कुठला पाठ मुळातला? ‘यशया’ असताना एखाद्या नकलकाराने अडचण ओळखून ‘संदेष्ट्यांमध्ये’ असं सुधारलं, हे सहज पटतं. उलट दिशेने बदल व्हायला कारण सापडत नाही. म्हणून अवघड पाठ आधीचा मानतात. यानंतर मार्कने दोन वचनं एकत्र का गुंफली याचा विचार करा, आणि मगच भाष्यग्रंथ उघडा. तीन तरी, वेगवेगळ्या दशकांतले. प्रत्येकाचं मत एका वाक्यात टिपा, आणि तुमच्या वीस प्रश्नांपैकी कुणी कोणत्याला उत्तर दिलं तेवढंच घ्या. तीन हजार शब्दांचा लेख असेल तर प्रस्तावनेला दोनशेपेक्षा जास्त देऊ नका. आपल्या मंडळीला याचा अर्थ काय, हे शेवटच्या तीनशे शब्दांत.

तळटिपा वाचता वाचताच लिहा: लेखक, ग्रंथ, गाव, प्रकाशक, साल, पान. नंतर लिहीन म्हणून सोडलेला पान क्रमांक सादर करायच्या आदल्या रात्री सापडत नाही. आपल्याकडे ऐकलेला संदेश आपल्या शब्दांत सांगणं ही सेवा समजली जाते, आणि ती आहेच. पण लेखी कामात दुसऱ्याचा विचार नाव न घेता आला की ती चोरी धरली जाते, मग शब्द तुमचे असले तरी.

इतर विषय

मंडळीच्या इतिहासाला सनावळ्यांचा सांगाडा आधी उभा करा: चर्चच्या पहिल्या मोठ्या परिषदा, म्हणजे निकीया ३२५, कॉन्स्टँटिनोपल ३८१, इफिस ४३१, खाल्केदोन ४५१, ल्यूथर १५१७, दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते ६५. भारतातल्या भागात चर्च ऑफ साउथ इंडिया १९४७, आणि नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७०. प्रत्येक परिषदेपुढे एकच प्रश्न लिहा, भांडण कशावरून होतं? तारखा त्या प्रश्नाला चिकटतात.

धर्मांच्या अभ्यासाच्या पेपरला सोलापूरहून आलेल्याने पुस्तकावर अवलंबून राहू नये. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक, सिद्धरामेश्वरांची शरण परंपरा, जिल्ह्यातलंच पंढरपूर. हे आदराने, प्रश्न विचारत पाहिलेला विद्यार्थी वर्गात वेगळा उठून दिसतो. भारतीय ख्रिस्ती विचारात नारायण वामन टिळक येतात. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. वारी जवळून पाहिलेल्याला त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दलित थिऑलॉजीत (दलितांच्या अनुभवातून मांडलेल्या ख्रिस्ती विचारात) अरविंद निर्मळ यांचं १९८१ चं बंगळूरमधलं व्याख्यान आरंभबिंदू म्हणून शिकवतात. ते शिकताना आपल्या मंडळीचं वय, तिची वस्ती, तिचे पूर्वज यांची माहिती घरातल्या वृद्धांकडून आधी लिहून आणलेली असावी.

दिवाळीत, नाताळात घरी आलात की पाळकसाहेब संदेश द्यायला सांगतील. नुकत्याच ऐकलेल्या, अजून न पचलेल्या सिद्धान्तांवर बोलू नका. ज्या उताऱ्याचं विवरण पुरं केलंय त्यावरच पंधरा मिनिटं बोला. मंडळीतल्या आजींना तुमच्या शंका ऐकायच्या नसतात. त्यांना हवा असतो तुमचा अभ्यास, त्यांच्या भाषेत.

उन्हाळी क्षेत्रकार्य सोलापुरात मागून घ्या. विषय भरपूर आहेत: विडी वळणाऱ्या बायकांचं आरोग्य, यंत्रमागावरच्या पाळ्या, कुंभारीच्या विडी कामगार घरकुलांतलं रोजचं जगणं. मे महिन्यात भेटी सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी सहानंतर ठेवा. दुपारी कुणाच्या दारात उभं राहणं त्यांनाही जड जातं. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली असते, म्हणून बोलताना बाईंचे हात थांबवू नका, खाली बसून बोला. टिपणं घरातून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत लिहा, नावं न घालता. आणि रोज रात्री ग्रीकचे एकवीस पत्ते, कारण दुसऱ्या वर्षाचा पहिला तास व्याकरणापासून नव्हे, वाचनापासून सुरू होतो.